जुन्या गाडीची ऑनलाइन जाहिरात: खोटी कशी ओळखायची आणि तक्रार कोणत्या क्रमाने करायची

जुनी गाडी ऑनलाइन बघताना जी माणसं फसतात ती काही सगळी भोळी नसतात. चांगली शिकलेली, रोज मोबाइलवरून व्यवहार करणारी असतात. चुकतो तो क्रम. जिथे थांबायला हवं तिथे घाई होते, म्हणजे टोकन (बयाणा) भरताना. आणि जिथे खरोखर पळायला हवं तिथे वेळ जातो, म्हणजे पैसे गेल्यावर. दोन दिवस ‘भाऊ, फोन उचला’ असे मेसेज पाठवून झाले की मग १९३० ही सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन आठवते. तोपर्यंत पैसे चार खात्यांतून फिरून एटीएममधून निघालेले असतात.

म्हणून हा लेख टप्प्यांच्या क्रमाने वाचा. पैसे आधीच गेले असतील तर बाकी सगळं सोडून थेट टप्पा ७ वर जा.

टप्पा १: जाहिराती उघडण्याआधीची तयारी

आधी भाव बांधून घ्या. हवं ते मॉडेल, साल, इंधन आणि साधारण तेवढेच किलोमीटर झालेल्या आठ-दहा गाड्यांचे भाव कागदावर लिहा. सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा सोडा. उरलेल्यांचा जो पट्टा दिसतो तो तुमचा बाजारभाव. हा कागद समोर नसला की ‘स्वस्त’ आणि ‘अशक्य स्वस्त’ यातला फरक कळत नाही, आणि खोटी जाहिरात नेमकी त्याच फटीतून आत येते.

एमपरिवाहन (वाहनांच्या नोंदींचं सरकारी ॲप) आणि डिजिलॉकर (कागदपत्रं ठेवण्याचं सरकारी ॲप) ही ॲप फोनच्या अधिकृत ॲप स्टोअरमधूनच घ्या. कुणी व्हॉट्सॲपवर पाठवलेली एपीके फाइल (ॲप बसवणारी फाइल), तिचं नाव ‘एमपरिवाहन’ असो की ‘आरटीओ चलान’, उघडायची नाही. या नावांच्या बनावट फाइल फिरतात, आणि त्या फोनमधले एसएमएस, म्हणजे ओटीपी, परस्पर वाचतात.

यूपीआयची रोजची मर्यादा शोधाशोधीच्या काळापुरती कमी करून ठेवा. १९३० हा क्रमांक फोनमध्ये सेव्ह करा. आणि घरात एक नियम सांगून ठेवा: गाडी आणि मालक दोघंही समोर पाहिल्याशिवाय एक रुपयाही जाणार नाही. घरच्यांना सांगायचं कारण असं, की ऐनवेळी ‘गाडी हातची जाईल’ या भीतीने नियम मोडायला आपण स्वतःच निघतो.

टप्पा २: जाहिरात बारकाईने वाचणे

फोटोंपासून सुरुवात करा. प्रत्येक फोटो मोठा करून पाहा.

स्टिअरिंग डावीकडे आहे का? मग एक तर फोटो परदेशातला आहे किंवा आरशासारखा उलटवलेला आहे. जाहिरातीत एक शहर आणि मागच्या दुकानाच्या पाटीवर भलत्याच राज्याची लिपी, असं आहे का? एका फोटोत सीट कव्हर काळं आणि दुसऱ्यात राखाडी? मीटरच्या फोटोतले किलोमीटर आणि मजकुरातले किलोमीटर जुळतात का? एप्रिल २०१९ पासूनच्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबर प्लेट कंपनीकडूनच येते. तशा गाडीवर साधी रंगवलेली पाटी दिसली तर कारण विचारा.

मग फोटो गूगल लेन्समध्ये टाका. तोच फोटो दुसऱ्या शहरात, दुसऱ्या भावाने, दुसऱ्या नावाखाली सापडला तर पुढे बोलायची गरजच नाही. काही सापडलं नाही म्हणून मात्र निर्धास्त होऊ नका. भामटे फोटो कापतात, उलटवतात, आणि मग शोधात ते सापडत नाहीत.

मजकुरापेक्षा फोटोतला मजकूर जास्त बोलका असतो. मोबाइल नंबर फोटोवरच लिहिलेला असेल तर तो बहुधा संकेतस्थळाच्या गाळणीतून सुटण्यासाठी. ‘फक्त व्हॉट्सॲप’, ‘बदली झाली, दोन दिवसांत निघायचंय’, ‘गाडी विमानतळाच्या पार्किंगमध्ये आहे’ ही वाक्यं परत परत येतात. विक्रेत्याचं प्रोफाइल उघडून तो कधीपासून आहे आणि आणखी काय विकतोय ते पाहा. कालच उघडलेल्या खात्यावर तीन शहरांतल्या पाच गाड्या असतील तर उत्तर तिथेच मिळालं.

> सावध: यातली एखादी खूण एकटी असेल तर ती पुरावा नाही. खऱ्या माणसाचीही बदली होते, खरा माणूसही वाईट फोटो काढतो. दोन-तीन खुणा एकत्र आल्या आणि भाव तुमच्या कागदावरच्या पट्ट्याच्या बराच खाली असला, की सोडून द्या.

टप्पा ३: गाडीचा नंबर टाकून पाहणे

पाटी झाकलेली असेल तर नंबर मागा. अनोळखी लोकांना नंबर दिसू नये म्हणून अनेक प्रामाणिक विक्रेतेही पाटी झाकतात, त्यात वावगं नाही. पण चौकशी करणाऱ्या गिऱ्हाइकालाही नंबर द्यायला टाळाटाळ होत असेल तर विषय संपला.

नंबर एमपरिवाहनवर किंवा सरकारच्या ‘वाहन’ पोर्टलवर टाका. पुढच्या गोष्टी जुळतात का ते बघा:

- मॉडेल, इंधन, नोंदणीची तारीख, नोंदणी करणारं आरटीओ.
- मालकाचं नाव. ते तारांकित दिसतं, पण दिसणारी अक्षरं विक्रेत्याने सांगितलेल्या नावाशी जुळायला हवीत.
- फायनान्सर. इथे बँकेचं किंवा वित्त कंपनीचं नाव असेल तर गाडीवर कर्जाचा बोजा नोंदलेला आहे. ‘कर्ज कधीच फिटलं’ हे तोंडी उत्तर चालत नाही. बँकेची एनओसी (ना हरकत पत्र) आणि बोजा काढण्याचा फॉर्म ३५ हवा.
- वाहनाचा वर्ग. भाड्याने घेतलेली गाडी खोट्या कागदांवर विकण्याचे प्रकार होतात. स्वतः चालवायला भाड्याने मिळणाऱ्या गाडीला काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असतात. पाटी बदलता येते, पण नोंदीतला वर्ग बदलत नाही.
- विमा, पीयूसी, आणि नोंदणी चालू आहे की स्थगित.

ई-चलान पोर्टलवर थकलेले दंडही बघून घ्या. चलानावर बहुधा ठिकाण आणि तारीख असते. ‘गाडी दोन वर्षं घरीच उभी आहे’ असं म्हणणाऱ्याच्या गाडीवर गेल्या महिन्यातलं महामार्गावरचं चलान निघालं, तर तो माणूस आणखी कशाकशात खोटं बोलतोय याचा अंदाज येतो. चोरीच्या गाड्यांसाठी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची ‘वाहन समन्वय’ ही व्यवस्था आहे. त्यातही नोंदणी, चेसिस आणि इंजिन क्रमांकावरून तपासता येतं.

इथली सगळ्यात मोठी चूक: नोंद जुळली म्हणजे विक्रेता खरा, असं धरून चालणं. नोंद गाडीची आहे, बोलणाऱ्याची नाही. कुणाच्या तरी खऱ्या जाहिरातीतले फोटो आणि गोड बोलून मिळवलेला आरसीचा (नोंदणी प्रमाणपत्राचा) फोटो वापरून भामटा तीच गाडी स्वतःची म्हणून विकत असतो. सगळं जुळतं, कारण गाडी खरीच असते. फक्त ती त्याची नसते.

टप्पा ४: विक्रेत्याशी बोलणे

आधी साधा प्रश्न विचारा ज्याचं उत्तर फक्त मालकालाच माहीत असतं. शेवटची सर्व्हिसिंग कुठे केली, टायर कधी बदलले, विमा कोणत्या कंपनीचा. खरा मालक थोडा अडखळतो, आठवतो, ‘थांबा, बिल बघून सांगतो’ म्हणतो. भामटा लगेच ‘एकदम ओके आहे सर, तुम्ही टोकन टाका’ वर येतो.

मग व्हिडिओ कॉल मागा, आणि क्रम तुम्ही ठरवा. समोरची नंबर प्लेट, तिथून कॅमेरा न थांबवता दार उघडून मीटर, मग बॉनेट उघडून चेसिस नंबर. शेवटी मालकाचा चेहरा आणि त्याच्याच फोनमध्ये डिजिलॉकर उघडून दाखवलेली आरसी. डिजिलॉकर किंवा एमपरिवाहनमधली आरसी अधिकृत मानली जाते. तिचा व्हॉट्सॲपवर आलेला फोटो किंवा पीडीएफ मात्र अधिकृत नाही, आणि हा फरक लोक हमखास विसरतात. चेसिस नंबर १७ अक्षर-अंकांचा असतो आणि त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं वापरत नाहीत. घाईत बनवलेल्या बनावट आरसीत कधीकधी हेच चुकतं.

व्हिडिओ कॉल नाकारायची कारणं ठरलेली आहेत. त्यातलं सगळ्यात चालणारं म्हणजे लष्कराचं. ‘मी फौजेत आहे, पोस्टिंगवर आहे, कॅमेऱ्याला बंदी आहे, गाडी लष्कराच्या ट्रान्सपोर्टने घरपोच येईल.’ सोबत गणवेशातला फोटो, कँटीन कार्ड, आधार. मग पावत्या सुरू होतात: आधी नोंदणी शुल्क, मग वाहतूक, मग विमा, मग ‘परत मिळणारी’ अनामत. प्रत्येक रक्कम आधीच्या रकमेला वाचवण्यासाठी मागितली जाते, म्हणून माणूस देत राहतो. ट्रक ‘टोल नाक्यावर अडकलाय’ असा फोन आला की समजा, पुढे आणखी दोन पावत्या आहेत.

> सावध: समोरून आलेलं आधार, पॅन किंवा ओळखपत्र हे बहुधा आधी फसवलेल्या कुणाचं तरी असतं. ‘विश्वासासाठी तुमचंही पाठवा’ म्हणतील. पाठवलंत तर पुढच्या गिऱ्हाइकाला तुमचा चेहरा दाखवला जाईल.

टप्पा ५: भेट, आणि मगच पैसे

दिवसा, वर्दळीच्या ठिकाणी, सोबत कुणीतरी घेऊन जा. गाडीवर कोरलेला चेसिस नंबर, इंजिन नंबर आणि आरसी हे तिन्ही अक्षर-अक्षर ताडून पाहा. नंबरभोवतीचा पत्रा घासलेला किंवा नवा रंग दिलेला असेल तर निघा. आरसीवरचं नाव आणि समोरच्या माणसाचं मूळ ओळखपत्र जुळवा. ‘भावाची गाडी आहे’ असेल तर भावाशी व्हिडिओवर नाही, प्रत्यक्ष बोला. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये नंबर देऊन सर्व्हिस हिस्टरी मागा. मीटर मागे फिरवलेलं असेल तर तिथे उघड होतं.

डीलरकडून घेत असाल तर १ एप्रिल २०२३ पासून नोंदणीकृत गाड्यांचा व्यापार करणाऱ्याला नोंदणी प्राधिकाऱ्याचं अधिकारपत्र लागतं. ते दाखवायला सांगा. नाराज झाला तर होऊ द्या.

टोकन द्यायचंच असेल तर आरसीवरच्या नावाच्या बँक खात्यातच द्या. यूपीआयने पैसे पाठवताना पिन टाकण्याआधी खातेदाराचं बँकेतलं नाव पडद्यावर दिसतं. तिथे दोन सेकंद थांबा. आरसीवर एक नाव, पडद्यावर दुसरं, आणि ‘ते आमच्या अकाउंटंटचं आहे’ असं उत्तर, म्हणजे पिन टाकायचा नाही. पैसे *मिळवण्यासाठी* पिन कधीच लागत नाही आणि क्यूआर स्कॅनही करावा लागत नाही. गाडी विकणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं, कारण त्यांना खोटे गिऱ्हाईक याच वाटेने गाठतात.

उरलेली रक्कम मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि फॉर्म ३० वर तुमच्यासमोर सही झाल्यावर, आणि गाडी दुसऱ्या राज्यातली असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी मिळाल्यावर. कोऱ्या फॉर्मवर कुणीच सही करू नये, विकणाऱ्यानेही नाही.

टप्पा ६: पुरावा आधी, रिपोर्ट नंतर

जाहिरात खोटी आहे हे कळल्यावर लोक पहिली गोष्ट करतात ती ‘रिपोर्ट’ दाबतात, दुसरी नंबर ब्लॉक करतात. हेतू चांगला, क्रम चुकीचा. जाहिरात उडाली की तिच्यासोबत प्रोफाइल, जाहिरात क्रमांक आणि बऱ्याचदा संकेतस्थळावरचं संभाषणही दिसेनासं होतं. तपास करणाऱ्याला द्यायला मग तुमच्या हातात काहीच राहत नाही.

आधी हे साठवा:

1. जाहिरातीचा पूर्ण पत्ता कॉपी करून, आणि जाहिरात क्रमांक, टाकल्याची तारीख, भाव, सगळे फोटो.
2. विक्रेत्याच्या प्रोफाइलचा स्क्रीनशॉट आणि प्रोफाइलचा दुवा. नुसतं नाव पुरत नाही, नाव बदलता येतं.
3. संपूर्ण संभाषण. व्हॉट्सॲपवर ‘एक्सपोर्ट चॅट’ करा. शिवाय वरपासून खालपर्यंत सरकवत स्क्रीन रेकॉर्डिंग. नंबर आणि वेळ दिसली पाहिजे.
4. फोन नंबर, यूपीआय आयडी, खाते क्रमांक, आयएफएससी कोड, क्यूआर कोड, जे काही आलं असेल ते.

कापलेले, वर्तुळं काढलेले स्क्रीनशॉट ओळखीच्यांना दाखवायला ठीक. तक्रारीसाठी मूळ, न छेडलेले ठेवा, आणि मूळ चॅट फोनमध्ये तशीच राहू द्या.

> तपासा: हे सगळं दुसऱ्या एखाद्या ठिकाणी, निदान स्वतःच्या ईमेलवर, पाठवून झालं का? मगच पुढे.

आता रिपोर्ट करा. पैसे गेले नसतील तर तीन ठिकाणी. पहिलं, त्या संकेतस्थळावर: ‘फसवणूक’ हे कारण निवडून, शक्य असेल तिथे एका ओळीत नेमकं काय घडलं ते लिहा. ‘फ्रॉड आहे, काढा’ यापेक्षा ‘हेच फोटो अमुक जाहिरातीतले आहेत, गाडी न दाखवता टोकन मागतो’ हे तपासणाऱ्याला लगेच कळतं. व्हॉट्सॲपवर रिपोर्ट करताना चॅट पुसण्याच्या पर्यायावर टिक असेल तर ती काढा. दुसरं, दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवरचं ‘चक्षू’. फसवे कॉल, एसएमएस आणि व्हॉट्सॲप मेसेज कळवण्याची ही सोय आहे, आणि ती नेमकी पैसे न गेलेल्यांसाठी आहे. तिसरं, सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या राष्ट्रीय पोर्टलवर संशयिताची माहिती देण्याची सोय. तिथे फोन नंबर किंवा यूपीआय आयडी आधी कुणी कळवलाय का तेही शोधता येतं. खरं तर हा शोध टोकनच्या आधीच घ्यायला हवा.

टप्पा ७: पैसे गेले असतील तर

इथे मिनिटं मोजायची. विक्रेत्याला फोन करू नका, धमकी देऊ नका, ‘पोलिसांत जातोय’ असं तर मुळीच सांगू नका. त्या फोनने तो सावध होऊन पैसे आणखी लवकर हलवतो.

1. १९३० ला फोन. हाताशी ठेवा: तुमची बँक आणि खातं, रक्कम, तारीख-वेळ, समोरचा नंबर किंवा यूपीआय आयडी, आणि व्यवहाराचा यूटीआर (बँकेचा व्यवहार क्रमांक). यूपीआयचा हा क्रमांक १२ अंकी असतो. काही ॲप स्वतःचा वेगळा, अक्षरांनी सुरू होणारा व्यवहार क्रमांकही दाखवतात. तो नव्हे. एनईएफटीचा यूटीआर १६ आणि आरटीजीएसचा २२ अक्षर-अंकांचा असतो. चुकीचा क्रमांक दिला की पैशांचा माग काढण्यातच वेळ जातो. लाइन व्यस्त असेल तर एकीकडे लावत राहा, दुसरीकडे सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार सुरू करा.
2. बँकेला फोन. तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय ठेवू नका. स्वतः पिन टाकून पाठवलेल्या पैशांना ‘अनधिकृत व्यवहार’ म्हणायला बँका सहसा तयार होत नाहीत, त्यामुळे ‘बँक भरून देईल’ या भरवशावर १९३० टाळू नका.
3. पोर्टलवर पूर्ण तक्रार. १९३० कडून पावती क्रमांक मिळतो. २४ तासांच्या आत पोर्टलवर तपशील आणि पुरावे भरून ती तक्रार पुरी करा. अनेक हप्त्यांत पैसे गेले असतील तर प्रत्येक व्यवहार स्वतंत्र ओळीत. लाजेपोटी लहान रकमा लपवू नका. कधीकधी त्या लहान रकमेच्या खात्यातच पैसे उरलेले असतात.
4. पोलीस ठाणे. पोर्टलवरची तक्रार म्हणजे एफआयआर नव्हे. फोन आला नाही तर पावती क्रमांक घेऊन स्वतः जा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, माहिती नोंदवून घेता येते. ‘आमच्या हद्दीत नाही’ हे उत्तर पुरेसं नाही. फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८, तोतयेगिरीसाठी ३१९, आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ ड ही कलमं इथे लागू होऊ शकतात. अर्जात कलमांपेक्षा घटनाक्रम नीट असू द्या: तारीख, वेळ, काय सांगितलं, किती गेले.

फोनमध्ये त्यांची एपीके किंवा स्क्रीन दाखवणारं ॲप टाकलं असेल तर या सगळ्याच्या आधी नेट बंद करा आणि १९३० व बँकेला दुसऱ्या फोनवरून कळवा.

टप्पा ८: पाठपुरावा आणि दुसरी फसवणूक

पावती क्रमांकावर पोर्टलमध्ये स्थिती दिसते. एखाद्या खात्यात तुमची रक्कम गोठवली गेली असेल तर ती परत मिळायला न्यायालयाचा आदेश लागू शकतो. तपास अधिकाऱ्याला थेट विचारा की कोणत्या खात्यात किती रक्कम रोखली आहे, आणि अर्ज कुठे करायचा.

याच काळात एक फोन येतो. ‘सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे पैसे सापडलेत, प्रोसेसिंग फी भरा.’ त्याला तुमची रक्कम, तारीख, सगळं ठाऊक असतं, कारण बहुधा तो त्याच टोळीतला असतो. पैसे परत मिळवून देण्यासाठी १९३० किंवा पोलीस शुल्क घेत नाहीत.

आणखी एक गोष्ट रागाच्या भरात होते: भामट्याने पाठवलेली आरसी आणि आधार ‘या चोराला ओळखा’ म्हणून सगळ्या ग्रुपवर टाकली जाते. तो चेहरा बहुतेक वेळा दुसऱ्याच एका फसलेल्या माणसाचा असतो. ती कागदपत्रं फक्त तक्रारीत जोडा. तुमचं आधार त्यांच्याकडे गेलं असेल तर तेही तक्रारीत स्पष्ट लिहा, आधारचं बायोमेट्रिक (बोटांचे ठसे, डोळ्यांची ओळख) लॉक करा, आणि पुढचे काही महिने स्वतःचा क्रेडिट अहवाल बघत राहा. तुमच्या नावावर न घेतलेलं कर्ज दिसलं तर ही आधीची तक्रार उपयोगी पडते.

तुमच्याच विक्रीच्या जाहिरातीतले फोटो कुणी उचलले असतील तरी टप्पा ६ तसाच लागू होतो. फक्त रिपोर्टमध्ये मालक आपण आहोत हे लिहा, मूळ जाहिरातीचा दुवा द्या, आणि शक्य तिथे खोट्या जाहिरातीखाली तसं जाहीर सांगा. गाडी विकली गेली असली तर आपली जुनी जाहिरात त्याच दिवशी काढून टाका.